‘त्यायच्या जिवाचे पैसे खाऊ का मी?’

तेरवी आटोपते, पाहुणे आपापल्या गावी जातात, आणि घरात एक प्रश्न उरतो. यवतमाळ-वर्ध्याकडच्या खेड्यांतून समुपदेशनाला येणाऱ्या बाया तो जवळजवळ त्याच शब्दांत विचारतात. नवरा रस्त्यावरच्या अपघातात गेला, लोक म्हणतात भरपाईचा क्लेम टाका, पण माणसाच्या जिवाचे पैसे घरात आणायचे कसे? सासू म्हणते रगताचा पैसा पचत नाही, दीर म्हणतो टाकून दे. या ओढाताणीत महिने जातात. मोटार वाहन कायद्याने भरपाईच्या अर्जाला अपघातापासून 6 महिन्यांची मुदत घातली आहे, हे त्या घरात बहुतेक वेळा कुणालाच माहीत नसतं.

ही ताई आली तेव्हा चौथा महिना सरत होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) नवरा 34 वर्षांचा. 3 एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन, दारात दोन म्हशी. संध्याकाळी दुधाची कॅन मोटरसायकलला लटकवून डेअरीकडे निघाला आणि उलट बाजूने आलेल्या ट्रकने उडवला. मागे ही, दोन लेकरं आणि म्हातारी आई.

पहिल्या दोन भेटींत बोलली ती सासूच. सून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. तिसऱ्या भेटीत तिने मान वर केली. “ट्रकवाल्याचा मानूस 50 हजार घेऊन आला होता. कागदावर सही माग्ते. त्यायच्या जिवाचे पैसे खाऊ का मी, म्याडम?”

“जिवाचं मोल करूच नका,” मी म्हटलं. “मला एवढंच सांगा, ते गेल्यापासून घरात काय काय यायचं थांबलं?”

बराच वेळ ती गप्प होती. मग एकेक निघू लागलं. “पहाटं 5 वाजता दूध काढाले उठत. पोरीले स्ट्यांडवर सोडून देत. डवऱ्याले आता गडी लावा लागते, रोजानं.” आणि इतका वेळ भिंतीकडे तोंड करून बसलेली सासू एकदम म्हणाली, “माह्या बीपीच्या गोया बजारातून तोच आने.”

त्या घरात चार महिन्यांत दोघी पहिल्यांदाच एका गोष्टीवर बोलत होत्या. मी भेटीचं यश यावरच जोखते. ‘किंमत’ हा शब्द कानावर पडला की शोकातलं मन दार लावून घेतं, आणि ते बरोबरच आहे. पण अपघाताच्या भरपाईचा निवाडा करणारं न्यायाधिकरण किंमत विचारतच नाही. त्या माणसाच्या असण्याने घराला काय मिळत होतं आणि ते किती वर्षं मिळालं असतं, एवढंच ते विचारतं. शोकातल्या माणसाला धीराच्या शब्दांपेक्षा हाताला काम लागतं, असं माझं ठाम मत आहे. गेलेल्या माणसाचे कष्ट नीट मांडून दाखवणं हेही तसं कामच.

“हे तं सारं लिवलेलं आहे जी,” ती म्हणाली. पुढच्या भेटीत पिशवीतून दुधाची वही निघाली. निळ्या बॉलपेनने आखलेले रकाने, सकाळ 4 लिटर, संध्याकाळ 3. शेवटच्या तारखेला सकाळचा आकडा होता, संध्याकाळचा रकाना कोरा. तिने ही वही सगळ्यांपासून लपवून ठेवली होती. कोर्टात दिली तर आपल्याजवळ काय राहील, ही भीती.

या वहीने केवढा फरक पडतो ते पाहा. पुरावा नसेल तर न्यायाधिकरण अंदाजाने उत्पन्न धरतं, समजा महिना 8 हजार. वही, डेअरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, बाजार समितीच्या सोयाबीनच्या पट्ट्या आणि सातबारा जोडून 12 हजार सिद्ध झाले, तर सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेला हिशेब असा होतो: वय 40च्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे, 16,800. मागे अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, 12,600. वर्षाचे 1,51,200. या रकमेला वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने, म्हणजे गुणकाने, गुणायचं; वय 31 ते 35 असेल तर गुणक 16. झाले 24,19,200. हाच हिशेब 8 हजारांवर केला तर 16,12,800 येतात. अंत्यविधी आणि सहवास हरपल्याची रक्कम शिवाय वेगळी.

विमा कंपनीचा वकील म्हणणार, शेत तर जागेवरच आहे, नुकसान कसलं? म्हणून गड्याला दिलेल्या मजुरीची नोंद सही-अंगठ्यासह आजपासून ठेवायची. शेत कसणारे हात गेले, हे त्या नोंदीतून दिसतं.

पोलीस ठाण्यातून एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि ट्रकची आरसी-विमा पॉलिसी यांच्या नकला घ्याव्यात. अर्ज आपण राहतो त्या भागाच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातही चालतो, अपघाताच्या जिल्ह्यात हेलपाटे घालायची गरज नाही. सासू, सून, लेकरं सगळ्यांचा अर्ज एकच असावा. सासूला वगळलं की पुढे भांडण आणि उशीर ठरलेला. ‘त्या ड्रायव्हरच्याही घरी लेकरं असतील’ ही टोचणी या ताईलाही होती. ट्रकचा विमा चालू असेल तर पैसे साधारणपणे विमा कंपनी देते, आणि ड्रायव्हर फौजदारी खटल्यात सुटला तरी भरपाईचा दावा त्याने बुडत नाही. गाडी सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी 2 लाखांची वेगळी योजना आहे. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचेही 2 लाख मिळू शकतात, पण तो अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत करायचा. या घराचा तो कृषी सहायकाने वेळेत करून घेतला होता.

ट्रकवाल्याच्या माणसाने आणलेल्या स्टॅम्पपेपरवर सही नको, आणि तेरवीच्या मांडवात येणाऱ्या दलालाच्या कोऱ्या वकीलपत्रावर तर नकोच. निकालातला टक्का फी म्हणून ठरवायला वकिलांना नियमानेच मनाई आहे. बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जावं किंवा 15100 वर फोन करावा. लोकअदालतीत तडजोड करायला हरकत नाही, मात्र तिथल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून वरचा हिशेब हातात ठेवूनच बसावं. बँक खातं तिच्या एकटीच्या नावाचं हवं. लेकरांचा हिस्सा ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो.

वहीचं काय? अर्जासोबत झेरॉक्स जोडायची, मूळ वही साक्षीच्या दिवशी दाखवायची. ती दाखल करून घेतली, तरी नंतर अर्ज देऊन परत मागता येते. हे ऐकल्यावरच ती झेरॉक्सच्या दुकानात गेली. पानं तिने स्वतः उलटली, दुकानदाराला हात लावू दिला नाही.

मी एकच गोष्ट बजावली होती. त्या वहीत आता एक अक्षरही लिहायचं नाही, नाहीतर समोरचा वकील म्हणेल की सगळी वही मागाहून लिहिली. पाचव्या महिन्यात अर्ज दाखल झाला, अर्जदार क्रमांक 4 म्हणून सासूचा अंगठा उमटला. म्हशी दूध देतच होत्या. कोर्टातून परतताना तिने बसस्थानकाजवळच्या दुकानातून 20 रुपयांची नवी वही घेतली आणि तिथेच उभ्या उभ्या पहिल्या पानावर रकाने आखले.