पारा कमी करणारं विकर?

कोथरूडच्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचा प्रश्न आहे. प्रदर्शनासाठी मुलांनी जीवाणूंवर तक्ता केलाय. त्यात ‘मर्क्युरिक रिडक्टेज’ या नावापुढे ‘भारी धातूंपैकी पारा कमी करणारे एन्झाइम’ असं लिहिलंय. एका पालकांचं म्हणणं, ‘कमी करणारे’ खोडा आणि ‘क्षपण करणारे’ लिहा. बाई विचारतात, या दोन्हींत खरंच फरक आहे का?

आहे, आणि इथे तर दोन्ही अर्थ उलट्या दिशांना जातात.

मराठी माणसाच्या लेखी पारा म्हणजे जुन्या तापमापकातला चकचकीत थेंब, नळी फुटली की गोळ्या होऊन फरशीवर पळणारा. जीवाणूच्या पेशीत शिरून घात करतो तो हा नव्हे. तो पाऱ्याचा आयन असतो, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, दोन धन प्रभार असलेला. प्रथिनांतल्या गंधकाला तो असा घट्ट धरतो की त्या प्रथिनांची कामं ठप्प होतात. मर्क्युरिक रिडक्टेज त्याला हरवलेले दोन इलेक्ट्रॉन देतं आणि आयनाचा साधा अणू होतो. म्हणजे बोलीतल्या अर्थाने हे विकर (एन्झाइम, पेशीतल्या अभिक्रिया घडवणारं प्रथिन) पारा कमी करत नाही, पारा तयार करतं!

मग ‘क्षपण’ बरोबर? पाठ्यपुस्तकाची परिभाषा म्हणून बरोबरच, रसायनशास्त्रात इलेक्ट्रॉन मिळणं म्हणजे क्षपण. पण त्या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थही घटवणं, नाश करणं असाच आहे, त्यामुळे नुसता शब्द पाहून मुलांना काही उलगडणार नाही. (क्षपण घडवून आणणारा पदार्थ म्हणजे क्षपणक. विक्रमादित्याच्या नवरत्नांच्या श्लोकात धन्वंतरीच्या शेजारी बसलेला क्षपणक वेगळा!) लॅटिन मूळ इथे जास्त उपयोगी पडतं. क्षपणाला इंग्रजीत ‘रिडक्शन’ म्हणतात, तो शब्द ज्या क्रियापदावरून आला त्याचा अर्थ मागे आणणं, परत आणणं. खनिजातून धातू परत मिळवणं हा त्याचा धातुकामातला वापर. आपल्याकडेही ही कल्पना परकी नाही. आयुर्वेदातल्या रसशास्त्रात हिंगूळ तापवून वर चढणारा पारा धरतात, त्याला ‘हिंगुलोत्थ पारद’ म्हणतात. हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक यांचं संयुग. त्यातून धातू परत आणणं हेही क्षपणच.

पारा आणि गंधकाची ही ओढ विकराच्या रचनेतही दिसते, आणि मला यातलं सर्वांत सुंदर तेच वाटतं. विषबाधा होते ती गंधकामुळे आणि विकर पारा पकडतं तेही गंधकानेच. सिस्टीन या अमिनो आम्लात गंधक असतो. विकराच्या दोन सारख्या साखळ्या एकमेकींना जोडून असतात. एका साखळीच्या शेवटाकडची सिस्टीनची जोडी पाऱ्याचा आयन धरते आणि दुसऱ्या साखळीत खोल बसलेल्या सिस्टीनच्या जोडीकडे सोपवते. त्या जोडीला लागूनच एफएडी हा पिवळा रेणू असतो. एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूकडून आलेले इलेक्ट्रॉन एफएडीमार्फत पाऱ्यापर्यंत पोचतात. म्हणजे कामाची प्रत्येक जागा दोन्ही साखळ्या मिळून घडवतात. आपल्या पेशींतलं ग्लुटाथायोन रिडक्टेज याच घराण्यातलं, पण टोकाकडचे ते सिस्टीन ही मर्क्युरिक रिडक्टेजची खासियत. बॅसिलस जीवाणूतल्या या विकराची स्फटिकरचना 1991 साली प्रसिद्ध झाली. मिथिल पाऱ्यासारखं सेंद्रिय संयुग आलं, तर मात्र आधी दुसरं विकर, लायेज, कार्बन आणि पाऱ्यातला बंध तोडतं. मग पुढचं काम याचं.

आता मुलांची बाजू घेतो. धातुरूप पारा उडून जाणारा असतो आणि गंधकाला आयनासारखा चिकटत नाही. तो पेशीतून निसटतो, पाण्यातून हवेत जातो. त्यामुळे ‘पाण्यातला पारा कमी होतो’ हे वाक्य खरं ठरतं! फक्त तो नष्ट झालेला नसतो. मूलद्रव्याचा नाश करणं कुठल्याच विकराला जमत नाही. आणि ही वाफ आपण श्वासातून घेतली, तर रक्तात तिचं पुन्हा आयनात रूपांतर होतं. म्हणून ‘निर्विषीकरण’ हा भारदस्त शब्द वापरायचा असेल, तर ‘जीवाणूपुरतं’ हे त्याला जोडा.

‘भारी धातू’ही बदलाच. ती हिंदीची सावली. मराठीत ‘जड धातू’ रुळलेला आहे, आणि पुण्यात तर ‘भारी’ म्हटलं की पोरं पाऱ्याला टाळ्या देतील. विकर म्हणा की एन्झाइम, माझी हरकत नाही. मात्र विकराचं ‘उत्प्रेरक’ (अभिक्रियेचा वेग वाढवणारा पदार्थ) करू नका. प्रत्येक विकर उत्प्रेरक असतं, पण प्रत्येक उत्प्रेरक विकर नसतो.

तक्त्यावर असं लिहिता येईल : ‘मर्क्युरिक रिडक्टेज – पाऱ्याच्या आयनाचे क्षपण करणारे, म्हणजे त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा धातुरूपात आणणारे विकर.’ ओळ लांब होते हे खरं. जागा नसेल तर ‘क्षपण करणारे’ गाळा, ‘आयनाचे’ गाळू नका. मग ओळ होईल : ‘पाऱ्याच्या आयनाचे धातूत रूपांतर करणारे विकर.’