सांगलीत राहून सेबी-शेअर बाजाराच्या कायद्यात वकिली करता येते का?

तुमचा प्रश्न असा: सांगलीत एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शेअर बाजार आणि त्याची नियामक संस्था सेबी यांच्या कायद्यात काम करायचं आहे, मुंबईला जावंच लागेल का आणि कोणता कोर्स करू? आणि शेवटी लिहिलंय की इथले एक ज्येष्ठ वकील म्हणाले, "ती वकिली नव्हे, फॉर्म भरायची कारकुनी आहे."

कोर्सचं पुढे बघू. आधी त्या शेवटच्या वाक्याचं. बाररूममध्ये हे वाक्य मीही ऐकत आलोय आणि ते साफ चूक आहे.

आपल्या जिल्ह्यात या विषयातलं नेहमी येणारं काम म्हणजे मयताच्या नावावरचे कागदी शेअर्स. आजोबांनी नोकरीत असताना घेतलेले आणि ट्रंकेत राहून गेलेले. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपनीचे कागदी शेअर्स विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत. वारसांच्या नावावर मात्र होतात, पण मिळतात ते डिमॅटमध्येच. शिवाय सलग सात वर्षं लाभांश उचलला नसेल, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२४ प्रमाणे लाभांशच काय, शेअर्ससुद्धा आयईपीएफ प्राधिकरणाकडे, म्हणजे न मागितलेले लाभांश-शेअर्स सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेकडे, वर्ग झालेले असतात. हक्क बुडत नाही, पण मागून घ्यावा लागतो.

एका कंपनीतले कागदी शेअर्स पाच लाखांपर्यंतचे असतील तर प्रतिज्ञापत्र, इंडेम्निटी बाँड (नुकसान झालं तर भरून देण्याची लेखी हमी) आणि बाकीच्या वारसांची ना-हरकत यावर काम होतं. त्याच्या वर गेलं की कोर्ट आलं, आणि खरी गडबड इथे होते. आपल्याकडे हात सवयीने १८२७ च्या रेग्युलेशनखालच्या वारस दाखल्याकडे जातो, कारण घर-जमिनीला तोच लागलेला असतो. सेबीच्या कागदपत्रांच्या यादीत वारस दाखल्यालाही जागा आहे, पण त्याच्यासोबत इतर वारसांची ना-हरकत द्यावी लागते. एक भाऊ अडून बसला की फाइल तिथेच थांबते. तलाठ्याकडच्या वारस नोंदीचा तर इथे काहीच उपयोग नाही. शेअर्ससाठी नीट रस्ता म्हणजे भारतीय वारसाहक्क कायद्याच्या कलम ३७२ चं सक्सेशन सर्टिफिकेट, म्हणजे मयताचे शेअर्स आणि येणं घेण्याचा अधिकार देणारं कोर्टाचं प्रमाणपत्र. ते बघून कंपनीने चांगल्या हेतूने शेअर्स दिले तर कलम ३८१ तिला पूर्ण संरक्षण देतं, म्हणून कंपनीही हरकत काढत नाही.

आता या अर्जाचं परिशिष्ट बघा. "मयताचे अमुक कंपनीतील ५० शेअर्स" एवढंच लिहून अर्ज मंजूर करून घेतलेला असतो. प्रमाणपत्रावर शेअर १० रुपये दर्शनी किमतीचा असतो. दरम्यान कंपनीने स्प्लिट करून तो २ रुपयांचा केला, म्हणजे ५० चे २५० झाले. मग एकास एक बोनस दिला, झाले ५००. प्राधिकरणाच्या खात्यात ५०० शेअर्स, कोर्टाच्या हुकमात ५०. कंपनीचा रजिस्ट्रार, म्हणजे आरटीए, कागद परत पाठवतो आणि त्याचं बरोबरच असतं. मग कलम ३७६ खाली सर्टिफिकेट वाढवून घ्यायला पुन्हा अर्ज, पुन्हा कोर्ट फी, पुन्हा तारखा.

म्हणून अर्ज टाईप करण्याआधी आरटीएकडून त्या फोलिओची, म्हणजे कंपनीकडच्या शेअर खात्याची, आजची स्थिती लेखी मागवायची. कंपनीचं जुनं आणि आताचं नाव, फोलिओ क्रमांक, प्रमाणपत्र क्रमांक, डिस्टिंक्टिव्ह नंबर (प्रत्येक शेअरचा अनुक्रमांक) कुठून कुठपर्यंत, मूळ शेअर्स, स्प्लिट-बोनसनंतरचे शेअर्स आणि न उचललेला लाभांश असं सगळं परिशिष्टात आलं पाहिजे. विनंतीत लाभांश घेण्याचा आणि हस्तांतर करण्याचा असे दोन्ही अधिकार मागायचे. कलम ३७४ मध्ये ते वेगवेगळे आहेत. एकच मागितला तर एकच मिळतो. आयईपीएफकडून शेअर्स परत घेण्याचा उल्लेखही स्वतंत्र ओळीत हवा.

एवढं करूनही फाइल अडते ती नावावर. प्रमाणपत्रावर "पाटील आर. डी.", आधारवर पूर्ण नाव, मृत्यू दाखल्यावर तिसरंच. किंवा मुलीच्या कागदांवर माहेरचं नाव आणि पॅनवर सासरचं. त्यासाठी दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र आणि त्याला पुरावा जोडायचा, तोही हरकत येण्याआधी. फॉर्म आयएसआर-५ ट्रान्समिशनचा, म्हणजे शेअर्स वारसाच्या नावावर करण्याचा, आयएसआर-१ केवायसीचा, आयएसआर-२ बँक मॅनेजरने सही प्रमाणित केल्याचा. आयएसआर-२ वर बँकेचा शिक्का अस्पष्ट उठला तरी कागद परत येतो, तेव्हा शाखेतच नीट बघून घ्यायचं. शेअर्स आयईपीएफकडे गेले असतील तर हे कागद कंपनीला देऊन आधी तिचं एन्टायटलमेंट लेटर (हक्क मान्य असल्याचं पत्र) घ्यायचं, मग शेअर्स परत मागण्याचा फॉर्म आयईपीएफ-५ भरायचा. त्यानंतर कंपनीने ३० दिवसांत पडताळणी अहवाल द्यायचा असतो. पॅन, आधार आणि डिमॅटच्या क्लायंट मास्टर लिस्टवरच्या (खात्याच्या तपशिलाच्या कागदावरच्या) नावात अक्षराचाही फरक नको.

आणि या अर्जाचं अधिकारक्षेत्र कुठलं? कलम ३७१ म्हणतं, मयत मरतेवेळी जिथे राहत होता तिथलं. जतचा माणूस असेल तर मुंबईचा कितीही मोठा वकील केला तरी अर्ज आपल्याच जिल्ह्यात येणार. याला कारकुनी म्हणणाऱ्यांच्याच हातची सर्टिफिकेटं दुरुस्तीसाठी परत येतात. ज्या अर्जाच्या एका ओळीवर विधवेचे पैसे सुटतात किंवा वर्षानुवर्षं अडकतात, तो अर्ज वकिलीच आहे.

एक मुद्दा मृत्युपत्राचाही. सांगलीच्या हिंदू माणसाने सांगलीत केलेल्या मृत्युपत्रावर शेअर्स मागताना प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र, सक्तीचं नाही. तरी मुंबईतल्या आरटीएकडून प्रोबेटची मागणी येते. ती मुकाट मान्य न करता कायद्याची कलमं लिहून उत्तर द्यायचं.

दुसरं मोठं काम म्हणजे ब्रोकरविरुद्धच्या तक्रारी: न सांगता केलेले सौदे, एफ अँड ओमधला (वायदे-ऑप्शनमधला) तोटा, परस्पर विकलेले शेअर्स. क्रम पाळायचा. आधी ब्रोकरला लेखी तक्रार, मग स्कोअर्सवर, म्हणजे सेबीच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर. १ एप्रिल २०२४ पासून नवी स्कोअर्स आहे. ब्रोकरने २१ दिवसांत उत्तर द्यायचं, ते पटलं नाही तर १५ दिवसांत रिव्ह्यू मागायचा. घटनेपासून वर्ष उलटलं की स्कोअर्सचा दरवाजा बंद. पैशाचा दावा असेल तर स्मार्ट ओडीआर हे तंटे सोडवायचं पोर्टल: आधी समेट, नाही जमला तर लवाद, सगळं ऑनलाइन. विश्रामबागेतल्या ऑफिसात बसून हे चालवता येतं. पुरावा म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, लेजर, डिपॉझिटरीचं (डिमॅट शेअर्स जिच्याकडे असतात त्या संस्थेचं) स्टेटमेंट, एक्स्चेंजचे एसएमएस आणि ऑर्डरचं कॉल रेकॉर्डिंग. अशिलाने ओटीपी-पासवर्ड स्वतःच दिलेला असेल, किंवा व्हॉट्सॲपवर "नफ्यात निम्मे" असं ठरलेलं असेल, तर केस लंगडी होते. हे पहिल्याच भेटीत विचारायचं आणि स्पष्ट सांगायचं.

"महिन्याला इतके टक्के नक्की" म्हणून रोख गोळा करणारा सेबीकडे नोंदलेलाच नसेल, तर स्कोअर्सचा उपयोग नाही. तिथे पोलीस आणि १९९९ चा एमपीआयडी, म्हणजे महाराष्ट्रातला ठेवीदारांच्या संरक्षणाचा कायदा. २०१३ मध्ये एनएसईएल हे कमोडिटीचं स्पॉट एक्स्चेंज सुमारे ५,६०० कोटींना बसलं, तेव्हा हाच ठेवीदारांचा राज्य कायदा वापरला गेला आणि एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तिथे लागू होतो असं ठरवलं. एमपीआयडीला तालुका पातळीचा कायदा समजून बाजूला ठेवणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

या विषयात कायद्याचं वजन किती, ते बाजाराकडे बघूनही कळतं. बाजार आधुनिक झाला तो संगणकामुळे, असं सगळे म्हणतात. निम्मं खरं आहे. सही जुळत नाही, ट्रान्स्फर डीड चुकलं म्हणून सौदे अडायचे. ते थांबलं १९९६ च्या डिपॉझिटरीज कायद्यामुळे. त्याने शेअरचा नंबरच काढून टाकला, डिपॉझिटरीला नोंदणीकृत मालक केलं आणि खातेदाराला लाभार्थी मालक. ही रचना कायद्यात बसली म्हणून २७ जानेवारी २०२३ पासून सगळ्या शेअर्सचा व्यवहार दुसऱ्या दिवशी पुरा होतो. हळदीचंही तेच. २८ सप्टेंबर २०१५ ला वायदेबाजार आयोग सेबीत विलीन झाला, तेव्हापासून हळदीच्या वायद्याचा नियंत्रक सेबी आहे. हरिपूरच्या पेवातल्या मालावर कर्ज द्यायचं तर बँक माल बघायची. आता नोंदणीकृत गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती तारण राहते. त्या पावतीवर आधीच कोणाचा बोजा आहे का, हे तपासणारा वकील मार्केट यार्डाला हवाच आहे.

आता तुमचा प्रश्न. मुंबईला दोन-तीन वर्षं जाच. सेबीची नोटीस कशी वाचायची, सेबी कायद्याच्या कलम ११बी ची कारवाई आणि कलम १५-आय ची न्यायनिर्णय प्रक्रिया यांत फरक काय, हे सॅटमध्ये, म्हणजे सेबीच्या आदेशांवरची अपिलं ऐकणाऱ्या न्यायाधिकरणात, रोज बसणाऱ्याच्या हाताखालीच कळतं. सॅटमधलं अपील ४५ दिवसांत, पुढे सर्वोच्च न्यायालय ६० दिवसांत आणि तेही कायद्याच्या प्रश्नावरच. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, पण त्याने सॅट कोल्हापूरला येत नाही.

कोर्स म्हणाल तर एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची सिरीज थ्री-ए ही कम्प्लायन्सची (नियमपालनाची) परीक्षा आत्ताच द्या. नोकरीच हवी असेल तर सेबीची ग्रेड ए अधिकारी भरती, लीगल शाखा. वयाची अट ३० ची, तेव्हा रेंगाळू नका. लिस्टेड कंपनीत कम्प्लायन्स ऑफिसर व्हायला कंपनी सेक्रेटरीच लागतो, नुसत्या एलएलबीवर ते पद मिळत नाही. पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली तर सनद स्थगित ठेवावी लागते. आणि सॅटसमोर सीए, सीएससुद्धा उभे राहू शकतात, म्हणजे तिथे सनदेची मक्तेदारी नाही. कलम ३७२ च्या अर्जात मात्र तुमचीच गरज लागते.

वर लिहिलेल्या मर्यादा आणि फॉर्म सेबी परिपत्रकाने बदलते, त्यामुळे प्रत्येक फाइलला चालू मास्टर सर्क्युलर (एकत्रित परिपत्रक) उघडूनच बघा. फक्त याच कामावर पहिल्या वर्षी घर चालणार नाही, दिवाणी कामं सोबत ठेवा. तुमच्या परीक्षेचा निकाल लागेपर्यंत, एखाद्या वकिलांच्या ओळखीने, विजयनगरच्या कोर्टात निकाली निघालेले ३७२ चे अर्ज बघून घ्या आणि प्रत्येक परिशिष्ट त्या कंपनीच्या स्प्लिट-बोनसशी ताडून पाहा.