मुलांसाठी केवढी बोट?

प्रश्न : आम्ही दोघे आणि ७ व ११ वर्षांची मुलं. उष्ण प्रदेशात किनाऱ्याकिनाऱ्याने आठवडाभराच्या सफरी करायच्या आहेत. एक जुनी ४२ फुटी शिडाची बोट विकायला आहे. घ्यावी का?

उत्तर : माझं मन नको म्हणतं. एक जण मुलांपाशी अडकला की शिडं दुसऱ्याला एकट्याने आवरावी लागतात, आणि एवढ्या बोटीचं शीड जोराच्या वाऱ्यात फार ओढतं. तुम्हाला ३२ ते ३५ फूट पुरे. पाण्याखालचा भाग दीड मीटरहून कमी असेल तर उथळ खाडीत, आडोशाला नांगर टाकता येतो.

भर दुपारी बोटीत जा, छतातल्या झडपा उघडा आणि बाकावर अर्धा तास पडून राहा. वारा खेळला नाही तर सरळ परत फिरा. आमच्या पहिल्या बोटीत पुढच्या केबिनला झडपच नव्हती. धाकटी रात्री घामाने भिजून डेकवर यायची, ते मला अजून टोचतं.

सुकाणूपाशी पक्कं कापडी छत हवंच. पाण्याची टाकी किमान २०० लिटरची. उष्ण पाण्यात तळाला शेवाळ-शिंपले भराभर धरतात, म्हणून बोट पाण्याबाहेर काढून तळ, सुकाणू आणि डोलकाठीच्या तारा जाणकाराकडून तपासून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.