नव्या वस्तीतला रस्ता आणि शाळा: नेमका खर्च कुणाचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे: सोलापुरात विजापूर रोडच्या बाजूला, हद्दवाढ भागातल्या लेआऊटमध्ये (शेत पाडून केलेल्या प्लॉटच्या आखणीत) घर आहे. घरपट्टी दरवर्षी भरली जाते, तरी पावसाळ्यात दारापुढे गुडघाभर चिखल, आणि महापालिकेची शाळा तीन किलोमीटरवर. प्लॉट विकणारा म्हणतो रस्ता महापालिका करेल, महापालिका म्हणते निधी नाही, आणि पेठेतली मंडळी म्हणतात तुमच्या नव्या वस्तीचा भार आम्ही का सोसायचा. मग पैसे द्यायचे कुणी?

माझं उत्तर: लेआऊटच्या आतला रस्ता प्लॉट विकणाऱ्याचा, लेआऊटपर्यंत येणारा डीपी रोड (विकास आराखड्यातला रस्ता) शहराचा, शाळेची जागा नव्या विकासातून, इमारत महापालिकेची किंवा जिल्हा परिषदेची, शिक्षकाचा पगार शाळेप्रमाणे पूर्ण किंवा निम्मा राज्याचा. घरपट्टी ही या सगळ्याच्या देखभालीसाठी. पिशव्या वेगवेगळ्या आहेत. आपण सगळी मागणी एकाच पिशवीपुढे नेतो, म्हणून सगळीकडून नकार येतो.

आतल्या रस्त्यापासून सुरू करू, कारण घोळ तिथेच जास्त आहे. लेआऊटला आधी तात्पुरती मंजुरी मिळते, मग भूमी अभिलेखची मोजणी होते, रस्ते, गटार, दिवे अशी कामं लेआऊटच्या मालकाने, म्हणजे प्लॉट विकणाऱ्याने करायची आणि त्यानंतर अंतिम मंजुरी. 3 डिसेंबर 2020 पासून लागू असलेल्या राज्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीत निवासी लेआऊटमधला रस्ता 150 मीटर लांबीपर्यंत 9 मीटर रुंद, 300 मीटरपर्यंत 12 आणि त्यापुढे 15 मीटर असा हिशेब आहे. म्हणजे हा रस्ता कुणी करायचा हे मंजुरीच्या आदेशातच लिहिलेलं असतं. बिघडतं ते पुढे. मुरमाचा एक हात फिरवून 'रस्ता विकसित केला' असं दाखवलं जातं, अंतिम मंजुरी निघते, प्लॉट विकले जातात आणि मालक मोकळा. त्यानंतर महापालिकेने तो रस्ता केला, तर एका खाजगी माणसाचा खर्च अख्ख्या शहराने उचलल्यासारखं होतं. पेठेतल्या लोकांची तक्रार इथे शंभर टक्के खरी आहे.

आकडा मांडून बघा. दोन हेक्टरचा, म्हणजे 20,000 चौरस मीटरचा लेआऊट धरा. 10 टक्के खुली जागा गेली 2,000, सुविधा क्षेत्र (शाळा-दवाखान्यासारख्या सोयींची जागा) 5 टक्के म्हणजे 1,000, रस्त्यात समजा 4,400. विकायला उरले 12,600. गटारासह रस्त्याला चौरस मीटरला 2,000 रुपये धरले (दर समजण्यासाठी घेतलाय, तुमच्या वेळचा दर डीएसआरमध्ये, म्हणजे सरकारी कामांच्या दरसूचीत बघा), तर खर्च 88 लाख. तो विक्रीच्या जागेवर वाटला तर चौरस फुटाला साधारण 65 रुपये पडतात. प्लॉटच्या भावात हे 65 रुपये सहज मुरतात. न केलेल्या रस्त्याचे तेच 65 रुपये विकणाऱ्याच्या खिशात राहतात, आणि घेणारा 'स्वस्तात मिळाला' म्हणून खूश असतो.

आता 'आम्ही विकास शुल्क भरलंय की' हा मुद्दा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमात 1992 मध्ये विकास शुल्काचं प्रकरण आलं. निवासी वापरासाठी जमिनीवर रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) जमीनदराच्या अर्धा टक्का आणि बांधकामावर 2 टक्के. वाणिज्यला 1 आणि 4. समजा दर चौरस मीटरला 10,000 आहे, प्लॉट 150 चौरस मीटरचा, घर 100 चौरस मीटरचं. जमिनीचे 7,500, बांधकामाचे 20,000, एकूण 27,500 रुपये, तेही आयुष्यात एकदाच. प्लॉटची रुंदी 10 मीटर असेल तर तुमच्या वाट्याला 9 मीटर रस्त्याचा निम्मा, म्हणजे 45 चौरस मीटर येतो. वरच्याच दराने त्याला 90,000 लागतात. तुमच्या विकास शुल्कातून तुमच्या दारापुढचा निम्मा रस्तासुद्धा होत नाही. ते शुल्क त्यासाठी नाहीच. ते डीपी रोड, मोठ्या जलवाहिन्या, मलवाहिन्या अशा सामायिक कामांसाठी आहे, आणि कायद्याप्रमाणे त्याचा वेगळा विकास निधी ठेवावा लागतो. तो खरंच वेगळा ठेवला जातो का, आणि कोणत्या भागात खर्च होतो, हा प्रश्न माहिती अधिकारात जरूर विचारावा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत.

डीपी रोडची अडचण वेगळी. तिथे खडी-डांबरापेक्षा जमीन महाग पडते. महापालिकेकडे रोख नसते म्हणून जमीनमालकाला टीडीआर देऊ करतात, म्हणजे दुसरीकडे जादा बांधकाम करायचा, विकता येणारा हक्क. दाट वस्तीबाहेर क्षेत्राच्या दुप्पट. पण टीडीआरला किंमत येते ती चटई क्षेत्राची, म्हणजे परवानगी असलेल्या बांधकामाची, टंचाई असेल तरच. सोलापुरात कडेच्या भागात लोक आहे तेवढंच चटई क्षेत्र पुरतं वापरत नाहीत, मग विकत कोण घेणार? मालक रोख मागतो, आणि रस्ता नकाशावर 18 मीटर, जमिनीवर बैलगाडीची वाट. मधल्या एका गटाची जमीन अडली की दोन्ही बाजूंचा झालेला रस्ताही निरुपयोगी. माझ्या मते विकास निधीतला पहिला पैसा अशा अडलेल्या तुकड्यांच्या रोख मोबदल्यावर जावा, नव्या डांबरावर नंतर.

नगररचना योजना हा याहून न्याय्य मार्ग आहे. सगळ्यांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते, मैदान, शाळा यांची जागा काढून घ्यायची आणि उरलेले नीट आकाराचे भूखंड प्रमाणात परत द्यायचे. वाढलेल्या किमतीतून निम्म्यापर्यंत अंशदानही घेता येतं. ज्याच्या जमिनीचा भाव रस्त्यामुळे वाढला त्यानेच रस्त्याला हातभार लावायचा, एवढं साधं तत्त्व. वेळ फार लागतो, म्हणून प्लॉट पडायच्या आधी हात घालावा लागतो. मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने तुकडे विकले गेले, म्हणजे गुंठेवारी होऊन बसली, की संपलं.

गुंठेवारीबद्दल मोजकंच. 2001 च्या कायद्यात 2021 मध्ये दुरुस्ती होऊन 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामं नियमित करायची सोय झाली. शुल्क भरल्याने घर नियमित होतं, रस्ता रुंद होत नाही. पाच-सहा मीटरच्या बोळात कचऱ्याची गाडी वळत नाही, अग्निशमनचा बंब तर दूरच. आणि घरपट्टीची पावती म्हणजे घर अधिकृत असल्याचा पुरावा नव्हे, हेही लक्षात असू द्या. बेकायदा बांधकामाला कर लागतोच, वर शास्तीही लागते.

रस्ता ज्याच्या पैशाने होईल त्याच्या होवो, कामाचा क्रम मात्र सांभाळा, नाहीतर पैसा दोनदा जातो. आधी ड्रेनेज, मग पाण्याची लाईन, मग केबलसाठी आडवे पाईप, मग गटार आणि शेवटी रस्ता. प्रत्येक रिकाम्या प्लॉटपर्यंतही नळाची आणि ड्रेनेजची जोडणी आधीच काढून ठेवायची, म्हणजे पुढे घर बांधणारा नवा रस्ता फोडत नाही. आपल्याकडे काळी माती. ती पाण्याने फुगते, उन्हाने भेगाळते. तिच्यावर थेट खडी टाकली तर पहिल्या पावसाळ्यात रस्ता लाटांसारखा होतो. साधारण 45 ते 60 सेंटीमीटर माती उकरून काढायची, चांगला मुरूम 15-15 सेंटीमीटरच्या थरात पाणी मारून रोलरने दाबायचा, मग खडीचे थर. मधला उंचवटा अडीच टक्के: 6 मीटरच्या डांबरी पट्ट्यात मध्यभाग कडेपेक्षा सुमारे साडेसात सेंटीमीटर वर. दोरी ताणून कुणीही मोजू शकतं. बहुतेक रस्ते रहदारीने उखडत नाहीत, साचलेल्या पाण्याने उखडतात. आणि पाणी साचतं ते बरेचदा आपणच गटारावर बांधलेल्या रॅम्पमुळे.

शाळेचं गणित अगदी वेगळं आहे. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतर धरलंय. तुमचं मूल तिसरीत असेल तर तीन किलोमीटरवरची शाळा नियमात बसत नाही. तिथे वाहतूक भत्त्याची मागणी आजच करता येते, इमारतीची वाट बघायला नको. जागेसाठी लेआऊटमधलं सुविधा क्षेत्र किंवा विकास आराखड्यातलं शाळेचं आरक्षण बघा. 10 टक्के खुली जागा मैदान-बागेसाठी आहे, तिच्यात शाळा बसवायला जाऊ नका. आरक्षणाची तारीखही तपासा: आराखडा अमलात येऊन दहा वर्षं झाली की मालक कलम 127 ची नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत महापालिकेने संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण जातं. शाळेच्या जागा अशा गुपचूप जातात, कुणाला कळत नाही.

बिलातल्या शिक्षण कराचा गैरसमज मोठा आहे. 1962 च्या कायद्याखालचा शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकर महापालिका फक्त गोळा करते, जातो तो राज्याच्या तिजोरीत. 'शिक्षण कर भरतो, शाळा द्या' हे महापालिकेला सुनावण्याआधी बिलातली ओळ नीट वाचा. राज्य शिक्षकांच्या पगाराचा भार उचलतं, जिल्हा परिषदेच्या शाळांचा पूर्ण, महापालिकेच्या शाळांचा निम्मा. म्हणून महापालिकेला नवीन शाळा म्हणजे कायमचा निम्मा पगार, आणि ती टाळते. इमारत एकदाच बांधायची असते, ती आमदार निधीतूनही होते. अडतं ते शिक्षकांवर. शिक्षक मिळतात संचमान्यतेने (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात ती), आणि संचमान्यता 30 सप्टेंबरच्या पटावर. ऑक्टोबरात राहायला आलेली पोरं त्या वर्षी हिशेबातच नसतात. त्यामुळे वस्तीतल्या मुलांची नावं सप्टेंबरच्या आत, आधार जुळवून, जवळच्या शाळेत घालणं हेच शिक्षक मागायचं पहिलं काम. माध्यमही लिहून द्या. सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू असे चार पट वेगवेगळे मोजावे लागतात.

हद्दीबाहेर गेलं की प्रश्न आणखी टोकदार होतो. सोलापूरजवळच्या कुंभारी गावात विडी कामगारांची 10,000 घरकुलं झाली, नंतर रे नगरचा 30,000 घरांचा प्रकल्प. त्यातली 15,000 घरं 19 जानेवारी 2024 ला लोकार्पण झाली. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचे एक लाख असं अनुदान घरासाठी आहे. शाळा, दवाखाना, जोडरस्ता यांचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, निराळं. आणि ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा निधी मोजला गेला 2011 च्या लोकसंख्येवर, त्यातला 60 टक्के पाणी-स्वच्छतेला बांधलेला. चाळीस टक्क्यांत, तेही जुन्या शिरगणतीवर, शहराएवढी वस्ती कशी चालणार? महापालिकेचं दुखणं तसंच. जकात-एलबीटीऐवजी (स्थानिक संस्था कराऐवजी) मिळणारी जीएसटी भरपाई 2016-17 च्या उत्पन्नावर दरवर्षी 8 टक्के वाढते, वस्ती कितीही वाढो. 1992 च्या हद्दवाढीत शहर सुमारे 33 वरून 178 चौरस किलोमीटर झालं, तेव्हापासून हीच ओढाताण आहे. वाढीबरोबर आपोआप वाढणारे पैसे, विकास शुल्क सोडलं तर, दोनच: खरेदीखतावरचा 1 टक्का अधिभार आणि नव्या घरांची घरपट्टी. 30 लाखांच्या फ्लॅटवर अधिभाराचे 30,000 होतात. तो त्याच भागात खर्च व्हावा असं बंधन नाही. माझ्या मते निदान निम्मा तरी त्याच भागासाठी राखून ठेवावा.

तुमच्या बाबतीत पहिलं काम म्हणजे इंद्रभवनात, म्हणजे महापालिकेच्या मुख्य कचेरीत, नगररचना विभागाकडून लेआऊटच्या मंजुरी आदेशाची अटींसह प्रत काढणं, सोबत अंतिम मंजुरीची तारीख. अंतिम मंजुरी झालेली नसेल तर रस्ता अजून मालकाच्या गळ्यात आहे. ती थांबवण्याचा लेखी अर्ज द्या, आणि लेआऊटमध्ये त्याच्या नावावर शिल्लक प्लॉट किती ते सातबाऱ्यावरून किंवा मिळकत पत्रिकेवरून बघून अर्जात लिहा. मंजुरी झाली असेल तर रस्ता महापालिकेकडे हस्तांतरित झाला का ते विचारा. झाला असेल तर झोन कार्यालयाकडे अंदाजपत्रक मागा, अर्थसंकल्प बसण्याआधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत. झालाच नसेल तर त्यावर सरकारी पैसा खर्च करणं अवघड होतं, आणि आमदार निधीचं पत्रसुद्धा तिथेच अडकून बसतं. बऱ्याच लेआऊटमध्ये अडलेलं असतं ते हेच एक पान.