माध्यम आत्ताच ठरवायची घाई नको

प्रश्न : माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. आम्ही सिंहगड रोडला राहतो. दहावीच्या सुट्टीत तिनं टॅबवर चित्रं काढायला सुरुवात केली. एकाचं प्रिंट काढलं, ते फिकं आणि फाटल्यासारखं आलं, म्हणून तिचा विरस झाला. मग मामाचा जुना कॅमेरा मागून घेतला आणि मंडई, तुळशीबाग पालथी घातली. दिवाळीपासून ॲक्रिलिक रंग आणि कॅनव्हास सुरू आहे. ती म्हणते मॉडर्न पेंटिंग, तिचे बाबा म्हणतात, असं कुणीही काढेल. कशावरच टिकत नाही, याची काळजी वाटते. यातलं नक्की काय निवडावं? की इंजिनिअरिंग करून हे छंद म्हणून ठेवावं? जेईईच्या क्लासमध्ये रोजचे चार तास जातात आणि त्याची पुढच्या वर्षाची फी भरायची आहे. तिची तीन कामं सोबत पाठवते आहे. – एक आई, पुणे

उत्तर :

ताई, पत्र वाचण्याआधी मी ती तीन कामंच समोर घेऊन बसले. फोटोत मंडईबाहेरचा भाजीवाला आहे, वर निळी ताडपत्री, आणि तिच्यातून झिरपलेल्या उजेडानं टोमॅटोसुद्धा जांभळट दिसतायत. टॅबवरच्या चित्रात पावसातला बसस्टॉप आहे. माणसांना चेहरे काढलेले नाहीत, पण छत्र्यांचा रंग प्रत्येकाच्या खांद्यावर उतरलेला आहे. कॅनव्हासवर निळ्याचे सपाट पट्टे आहेत आणि एका पट्ट्याच्या कडेनं केशरी. तुम्हाला यात तीन नाद दिसतात. मला एकच दिसतो. रंगीत आडोशातून आलेला उजेड वस्तूचा रंग कसा बदलतो, याच्या मागे ही मुलगी लागली आहे आणि त्यासाठी हत्यारं बदलून बघते आहे. सोळाव्या वर्षी इतकं स्वतःचं बघणं असणं सहसा आढळत नाही. हे तिला आवर्जून सांगा, तिला ते अजून कळलेलं नसणार.

तुमच्या काळजीत तथ्य अजिबात नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. जिथे त्या माध्यमाचं खरं काम सुरू होतं, नेमकी तिथूनच ती पुढच्या माध्यमाकडे वळलेली दिसते. फोटोच बघा. भाजीवाल्याचा हात हलला आहे. ताडपत्रीखाली उजेड कमी, म्हणून कॅमेऱ्यानं शटर 1/15 सेकंदाच्या आसपास उघडं ठेवलं असणार. तेवढ्या वेळात वजनं उचलणारा हात पुसट होणारच. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, 200 वरून 1600 वर नेला असता तर तोच उजेड धरून शटर 1/125 वर आणता आलं असतं. थोडे दाणे दिसले असते, पण हात स्थिर मिळाला असता. किंवा हात मुद्दाम पुसट ठेवायचा आणि बाकी सगळं लख्ख, हाही निर्णय चालतो. पण तो तिनं घ्यायला हवा, कॅमेऱ्यानं नाही. म्हणून नवीन कॅमेरा घेऊन देऊ नका. मामाचाच कॅमेरा मॅन्युअल मोडवर टाकून, एकच लेन्स लावून, ती मंडईत पुन्हा जाऊ दे.

टॅबवरचं चित्र तिनं प्रिंट काढलं तेव्हा फिकं आणि फाटल्यासारखं आलं, म्हणून तिचा विरस झाला, असं तुम्ही लिहिलंय. यात तिच्या कलेचा दोष नाही. ए-3 कागदावर 300 डीपीआयनं, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायला साधारण 3508 बाय 4961 पिक्सेल लागतात. तिनं मोबाइलच्या स्क्रीनपुरतंच चित्र काढलं होतं. आणि पडद्यावरचा तो झगझगीत हिरवा आरजीबीत, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या उजेडातून बनलेला असतो, छपाईच्या चार शाईंत तो बसतच नाही. चित्र सुरू करतानाच मापं ठरवायची सवय लागली की हा प्रश्न सुटेल. सॉफ्टवेअरवर खर्च करायचीही गरज नाही, क्रिता फुकट आहे आणि उत्तम आहे.

आता कॅनव्हास. निळं ओलं असतानाच तिनं त्यावर केशरी लावलं, म्हणून कडेला मातकट पट्टा आला. हे दोन्ही विरोधी रंग आहेत, मिसळले की राखाडी-तपकिरी होणारच. ॲक्रिलिक लवकर वाळतं. निळं पूर्ण वाळू देऊन वर केशरीचा पातळ थर दिला तर खालचा रंग जिवंत राहतो. तिच्या बाबांना माझं मनापासून सांगणं आहे की ‘कुणीही काढेल’ हे वाक्य निदान वर्षभर घरात नको. चित्रकार वासुदेव गायतोंडे 1948 मध्ये मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून पदविका घेऊन बाहेर पडले, आधी माणसं-आकृती रंगवल्या आणि मग अमूर्ताकडे गेले. रोलरनं, सुरीनं रंगाचे थर चढवायचे, उतरवायचे, आणि वर्षाकाठी मोजकीच चित्रं पूर्ण करायची, अशी त्यांची रीत होती. मोबाइलवर त्यातलं काहीच कळत नाही. तुम्ही तिघं एकदा डेक्कन क्वीननं मुंबईला जा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय बंद असतं. काळा घोड्याला ते आणि जहांगीर कलादालन जवळजवळ आहेत. सीएसएमटीजवळच जे. जे.चं आवार आहे, तेही बाहेरून दाखवा. एरवी बालगंधर्व कलादालनात आणि घोले रोडच्या राजा रविवर्मा कलादालनात प्रदर्शनं बदलत असतात; तिथे चित्रकार स्वतः बसलेले असतात आणि विचारलं की मोकळेपणानं सांगतात.

प्रवेशाचं म्हणाल तर आज तीनपैकी एक निवडायची गरजच नाही. महाराष्ट्रात बीएफएला, म्हणजे कलेच्या पदवीला, बारावीनंतर प्रवेश मिळतो, शाखा कुठलीही चालते, आणि एएसी सीईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. तिच्यात डिझाइन, वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि सामान्यज्ञान अशा चार बाजू असतात. वस्तुचित्र आणि स्मरणचित्राला टॅबसारखं अनडू, म्हणजे काढलेलं मागे घ्यायचं बटण, नसतं. म्हणून टॅब कितीही चालला तरी रोज कागद-पेन्सिल हवीच: बसस्टॉपवर दहा मिनिटं नुसतं बघायचं, आणि घरी येऊन आठवून काढायचं. पुण्यात टिळक रस्त्यावरचं अभिनव कला महाविद्यालय आहे, मुंबईत जे. जे. आहे. डिझाइनकडे जायचं तर एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची, दोन टप्प्यांची परीक्षा आहे. आयआयटी मुंबईच्या डिझाइन पदवीला जेईई लागत नाही, त्यासाठी युसीड ही वेगळी परीक्षा असते. फोटोग्राफीचा दरवाजा पदवीनंतरही उघडा राहतो. लॉ कॉलेज रोडच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेत सिनेमॅटोग्राफी, म्हणजे सिनेमाचं छायाचित्रण, पदवीनंतरच शिकता येते. आज मला विचारलंत तर मी बीएफए उपयोजित कला म्हणेन. त्यात चित्र, छायाचित्र आणि संगणक तिन्ही हाताळायला मिळतात, आणि संध्याकाळी कॅनव्हास कुणी अडवत नाही.

छंद म्हणून ठेवण्याबद्दल. सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, इथल्याच एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाले, 1975 ते 2005 ठाण्यात रेडिओलॉजिस्ट होते, आणि त्याच वर्षांत देशातले महत्त्वाचे चित्रकार झाले. म्हणजे दोन्ही जमतं. पण त्यांनी चित्रकला उरल्या वेळात केली नाही, व्यवसायाइतकीच गंभीरपणे केली. आवड नसलेल्या इंजिनिअरिंगची चार वर्षं रेटून मुलीच्या हातात तेवढं बळ उरेल का, याचा विचार तुम्हीच करा. मला शंका आहे.

पैशाचं मी झाकून ठेवणार नाही. केवळ चित्रं विकून सुरुवातीची वर्षं निघत नाहीत. पोट भरतं ते जाहिरात, पॅकेजिंग, पुस्तकांची आणि ॲपची चित्रं, गेम आणि ॲनिमेशनसाठीची संकल्पनाचित्रं, उत्पादनांचे आणि लग्नाचे फोटो यांवर. एआयमुळे किरकोळ सजावटीची कामं कमी होत आहेत, आणखी होतील. मात्र गिऱ्हाइकाशी बोलून त्याची गरज ओळखणारा आणि तयार चित्रात नेमकं काय चुकलंय हे बोट ठेवून सांगणारा माणूस लागतोच. त्यासाठी डोळा तयार लागतो आणि तुमच्या मुलीचा डोळा तयार होतो आहे.

तर असं करा. सायन्स सोडवू नका, बारावी व्यवस्थित होऊ द्या. जेईईच्या क्लासची फी मात्र भरू नका. त्यासाठी रोजचे जे चार तास जातात, ते तिला परत द्या. त्या बदल्यात तिच्याकडून एक गोष्ट मागा: निळ्या ताडपत्रीचा हा एकच विषय घेऊन दहा फोटो, पाच डिजिटल चित्रं आणि तीन कॅनव्हास, सगळी पूर्ण केलेली. अर्धवट एकही नको. मध्येच कंटाळेल, रडेलही. तेव्हा नवीन काही आणून देऊ नका. परीक्षा झाल्यावर ती सगळी कामं घेऊन मला भेटायला पाठवा, बिघडलेलीसुद्धा. पहिला अर्धा तास तिला एकटीलाच येऊ द्या, मग तुम्ही दोघं या.