वाचकांचे प्रश्न : सरफेस पिअर्सिंग करताना आणि केल्यावर

प्रश्न : मला कॉलरबोनखाली सरफेस पिअर्सिंग करून घ्यायचं आहे. घराजवळच्या दुकानात म्हणाले, बेंबीत घालतात तोच कमानदार बार घालू, स्वस्तात होईल. नोकरी ऐरोलीला, रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने जाते. काय पाहून ठरवू? — वाचक, ठाणे

उत्तर : त्या दुकानात करू नका. कानाच्या पाळीत सुई एका बाजूने शिरते आणि पलीकडून बाहेर येते. सरफेस पिअर्सिंगमध्ये दोन्ही भोकं त्वचेच्या एकाच सपाटीवर असतात आणि धातू मध्ये आडवा पडून राहतो. त्याच्या डोक्यावर त्वचेचा पातळ थर तेवढा असतो, त्यामुळे शरीराला तो बाहेर लोटणं सोपं जातं. म्हणून इथे बारच्या आकारावर सगळं अवलंबून आहे. स्टेपलरच्या पिनेसारखा बार हवा : मधला भाग सरळ, दोन्ही टोकं काटकोनात वर. कमानदार बारची टोकं तिरपी बाहेर पडतात, भोकांच्या कडांवर रात्रंदिवस दाब येतो आणि बार हळूहळू वर सरकतो. काही जण सरळ बार पकडीने वाकवून देतात. तेही नको, पकडीचे ओरखडे धातूवर राहतात आणि आतली जखम घासत राहतात.

जाडी साधारण १.६ मिलिमीटर, म्हणजे १४ गेज. धातू टायटॅनियम. ‘इम्प्लांट ग्रेड’, म्हणजे शरीरात बसवण्याच्या दर्जाचं, हे कोणीही तोंडाने म्हणतो. एएसटीएम एफ १३६ हा दर्जा लिहिलेलं प्रमाणपत्र दाखवा म्हणा. ‘सर्जिकल स्टील’ ऐकायला भारी वाटतं, पण ३१६ एल जातीच्या स्टीलमध्ये साधारण १० ते १४ टक्के निकेल असतं. खोट्या दागिन्यांनी ज्यांचे कान खाजतात त्यांनी त्या वाटेला जाऊच नये. सोन्याचं पाणी दिलेला बारही नको. टोकांना गोळ्यांऐवजी चपट्या चकत्या घ्या. गोळ्या ओढणीत अडकतात.

जागा पक्की करण्याआधी तिथली त्वचा चिमटीत धरून पाहा. सहज उचलली जात नसेल, हाडाला ताणून बसलेली असेल, तर चांगला पिअर्सर स्वतःच नाही म्हणेल. खुणा तुम्ही सरळ उभ्या असताना करायच्या, मग खांदे वर-खाली, हात पुढे-मागे करून पाहायचं. झोपवून केलेली खूण उभं राहिल्यावर तिरपी होते. आणि तुमचा दिवस कसा जातो तेही मोजा. ऑफिसच्या ओळखपत्राची दोरी, लोकलमध्ये पुढे घेतलेली सॅक, तिरपी अडकवलेली पर्स, यांतलं काय नेमकं तिथे घासतं? गाडी चालवत असाल तर पट्टा उजव्या खांद्यावरून येतो, ड्रायव्हरशेजारी बसत असाल तर डाव्यावरून. सॅक पुढे घेऊन रोज अर्धा-पाऊण तास गर्दीत उभं राहावं लागत असेल, तर कॉलरबोन ही जागाच आम्ही सुचवणार नाही.

टोचण्याची बंदूक इथे चालत नाही. एकदाच वापरायची पोकळ सुई हवी, पाकीट तुमच्यासमोर फोडलेलं. बार आणि चिमटे ऑटोक्लेव्हमधून काढलेले हवेत, म्हणजे दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअसला किमान १५ मिनिटं. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदललेला आहे का बघा. स्पिरिटने पुसलं किंवा पाण्यात उकळलं म्हणजे निर्जंतुक झालं असं नाही. हिपॅटायटिस बीची लस (०, १ आणि ६ महिन्यांनी, असे तीन डोस) झाली नसेल तर ती आधी पूर्ण करा. महिना निवडता येत असेल तर दिवाळीनंतरचा निवडा. पहिले तीन महिने घामाचे आणि ओल्या कपड्यांचे नसले की निम्मा त्रास वाचतो.

प्रश्न : गेल्या आठवड्यात कमरेवर केलं. स्टुडिओत ‘सलाइनने धुवा’ एवढंच सांगितलं. औषधाच्या दुकानात तीन प्रकार दाखवले. घरी मिठाचं पाणी केलं तर? — वाचक, वाशी

उत्तर : बाटलीवर ‘सोडियम क्लोराइड ०.९ टक्के’ लिहिलेलं हवं आणि त्यात दुसरं काही नको. कॉन्टॅक्ट लेन्सचं किंवा नाकात मारायचं सलाइन घेऊ नका, त्यात इतर पदार्थ मिसळलेले असू शकतात. फवाऱ्याचा डबा मिळाला तर उत्तम. सलाइनची बाटली घेतलीत तर १०० मिलिलिटरची घ्या. त्यात जंतू रोखणारं काही नसतं, म्हणून फोडल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेलं टाकून द्या. घरच्या पाण्याचं म्हणाल तर ०.९ टक्के म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ. घरी ते वजन करून कोणी घालत नाही, हात सैल सुटतो आणि जास्त मीठ त्वचा कोरडी करून भेगाळवतं.

दिवसातून दोनदा पुरे. आधी साबणाने हात धुवा. सलाइनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा दोन-तीन मिनिटं ठेवा, खपली मऊ झाली की पुसा, मग पेपर नॅपकिनने टिपून कोरडं करा. कापूस नको, त्याचे तंतू बारभोवती गुंततात. टॉवेलही नको. बार फिरवायचा नाही, खपली नखाने काढायची नाही. बीटाडीन, हायड्रोजन पेरॉक्साइड, स्पिरिट, मलम, खोबरेल, हळद यांतलं काहीही लावायचं नाही. पहिली काही नव्या पेशींना मारतात, तेल-मलमं भोक बंद करून ओल आत कोंडतात. पांढरट पातळ स्राव येऊन वाळतो, तो पू नव्हे.

कमरेवर असल्यामुळे तुमचा खरा शत्रू नाडी, बेल्ट आणि जीन्सची पट्टी. वरून दोन-तीन महिन्यांत बरं दिसेल, आत मात्र सहा महिने ते वर्ष लागतं. ‘बरं झालं’ म्हणून त्या वेळी बार बदलणं हीच नेहमीची चूक.

प्रश्न : मानेवर मागे केलंय, अडीच महिने झाले. दोन भोकांमधली त्वचा लाल आणि चकचकीत झालीय, बारची सावली दिसते. सासूबाई म्हणतात, हळद लाव, बसेल. — वाचक, कळवा

उत्तर : सासूबाईंना सांगा, हे बसणार नाही. शरीर बार बाहेर लोटतंय. चकत्यांखालची दांडी पूर्वीपेक्षा जास्त दिसू लागणं, मधली त्वचा पातळ होऊन चमकणं, एक भोक रुंदावणं, या सगळ्या त्याच्याच खुणा. स्वच्छतेत कमी पडल्यामुळे असं झालं, हा समज सोडून द्या. मानेवर मंगळसूत्राची साखळी दिवसभर सरकते, अंबाड्याचे पिन आणि ब्लाउजची मागची कडा घासते. बार उथळ बसला असेल तर एवढं कारण पुरतं.

आता काढून टाकणं हेच शहाणपण. त्वचा फाटून बार बाहेर पडला तर लांबट पांढरा व्रण राहतो. आधी काढला तर दोन ठिपके राहतात. स्वतः ओढू नका. पिअर्सर एका टोकाची चकती उघडून वाकलेलं टोक त्वचेखालून सावकाश फिरवून काढेल. भोकं बंद होईपर्यंत सलाइन, त्यानंतर सिलिकॉन जेल, आणि उन्हात निघताना सनस्क्रीन. पुन्हा तिथेच करायची घाई नको. व्रण मऊ व्हायला कित्येक महिने लागतात.

एक मात्र वेगळं ओळखा : घट्ट पिवळा-हिरवा पू, दुर्गंधी, पसरत जाणारी लाली, ठणका किंवा ताप असेल तर तो जंतुसंसर्ग. अशा वेळी बार आपणहून काढू नका, भोकं मिटून पू आत साचू शकतो. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बार ठेवायचा की काढायचा ते त्यांना ठरवू द्या.

प्रश्न : सोसायटीच्या पूलमध्ये किंवा येऊरच्या ओढ्यात कधीपासून उतरता येईल? — वाचक, घोडबंदर रोड

उत्तर : भोकं पूर्ण बरी होईपर्यंत नाही. शॉवर चालेल. ओढ्याचं पाणी क्लोरीनच्या पाण्याहूनही वाईट. वॉटरप्रूफ ड्रेसिंगच्या भरवशावर तासभर डुंबू नका.

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची, भुवईत करायचं म्हणते. हिच्या आईला कान टोचल्यावर मोठी गाठ आली होती. परवानगी द्यावी का? — वाचक, नौपाडा

उत्तर : आधी ती गाठ कोणती होती ते आठवा. पहिल्या काही आठवड्यांत आली, घासणं थांबल्यावर बसली, तर ती चिडीची गाठ, काळजी नको. काही महिन्यांनी उगवली, भोकाच्या बाहेर पसरत गेली आणि कमी झालीच नाही, तर केलॉइड. ही प्रवृत्ती घराण्यात चालते. छाती, खांदे, जबड्याची कडा आणि कानाची पाळी इथे ती जास्त. केलॉइड नुसतं कापून काढलं तर बऱ्याचदा परत येतं, म्हणून त्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं द्यावी लागतात. केलॉइड असेल तर आमचं मत ‘नको’.

तसं नसेल, तर भुवई ही त्यातल्या त्यात सोपी जागा. इथे मात्र कमानदार बारच योग्य, कारण भुवईचा उंचवटा चिमटीत येतो. बाहेरच्या तिसऱ्या भागात करावं. आतल्या बाजूला कपाळाची नस आहे. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील किंवा नुकत्याच थांबल्या असतील तर त्वचारोगतज्ज्ञांना आधी विचारा. स्कूटीवर जात असेल तर हेल्मेटचं अस्तर नेमकं तिथे टेकतं का, ते टोचण्याआधी डोक्यावर घालून बघा. आणि स्टुडिओत तुम्ही सोबत जा. पालकांशिवाय आलेल्या अल्पवयीन मुलीला बसवून घेणाऱ्याकडे करू नका.