वाचक विचारतात : भित्तिपत्रकात वादाचे विषय घ्यावेत का?

प्रश्न : साने गुरुजींच्या ‘छात्रालय’ दैनिकाविषयी वाचून आम्ही सातवीच्या वर्गात साप्ताहिक भित्तिपत्रक सुरू केलं. आता मुलं सण, मांसाहार, जात यांवर लिहू लागली आहेत. हे लावावं का?

उत्तर : जरूर लावा, फक्त मांडणी बदला. गुरुजी 1924 मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढं छात्रालयातल्या मुलांसाठी ते दैनिक स्वतःच्या हातानं लिहीत राहिले. तुम्हीही दर अंकात चार ओळी लिहा, मुलांसारख्याच, खाली नाव घालून.

कार्डशीटवर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लेख, उजवी बाजू उत्तरासाठी कोरी. उत्तर देणाऱ्याला एकच अट : पहिल्या वाक्यात समोरच्याचं म्हणणं मांडायचं, ते त्याला दाखवायचं आणि त्यानं ‘हो, हेच’ म्हटल्यावरच आपलं मत लिहायचं. मुलं अडतात ती इथंच. ‘डब्यात अंडं आणू नये’ या लेखाला ‘तू आम्हाला घाणेरडे म्हणतोस’ असं उत्तर येतं. ते परत करा. ‘तुला अंड्याचा वास सहन होत नाही’ एवढं लिहिलं गेलं की जागा बदलून बसण्यासारखा मार्ग मुलंच काढतात. घाई करू नका; एका विषयाला दोन आठवडेही लागतात.

संपादक पाच, दर पंधरवड्याला नवे. सुंदर अक्षराचीच मुलं निवडलीत तर बाकीची गप्प होतात. लाल पेन तर लांबच ठेवा. तो फिरला की मुलं बाईंना आवडेल तेवढंच लिहितात.

जातीवरून हिणवणारा मजकूर मात्र मत म्हणून लावायचा नाही. त्याच दिवशी लिहिणाऱ्याशी बोला, ज्याला लागलं त्याच्याशी वेगळं बोला. दोघांना समोरासमोर बसवून ‘मिटवून टाका’ म्हटलं, तर समजूतदारपणाचा भार दुखावलेल्या मुलावरच पडतो.

प्रश्न : संवाद मानणाऱ्या गुरुजींनी पंढरपूरला उपोषण का केलं? मुलं विचारतात.

उत्तर : विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना बंद होतं. ते खुलं व्हावं म्हणून 1 मे 1947 रोजी उपोषण सुरू झालं आणि दहाएक दिवसांनी सुटलं. त्याआधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर सभा घेत फिरत होते. वर्गात आधी हा दौरा सांगा, मग उपोषण.